तू ‘गरमी’ म्हणालास आणि मी हसलो

शके सतराशे शहाऐंशी, फाल्गुन वद्य पंचमी. रक्कम रुपये एकवीस. हजर आबाजीकाका, शेजारचे देवमनबुवा, पलीकडच्या गावाहून बोलावलेला भगत आणि मी. बळीराम, तुझ्या अकराव्याचं आटोपून आम्ही ओसरीवर बसलो होतो. रस्त्यावर पोरं पळसाचा रंग उडवत होती. आत तुझी बायको सगुणा बसली होती, आणि तिला घरात ठेवायचं की हाकलायचं, हे ठरवायला आम्ही चौघं जमलो होतो.

एकवीस रुपये भगताचे. ते मी दिले. कोणी मला भरीस घातलं नाही. कमरेच्या पिशवीत होते, ते काढले, दोनदा मोजले आणि काकांच्या पुढ्यात ठेवले. अमावास्येला तो सगुणेला पाटावर बसवणार होता, समोर दिवा लावणार होता, आणि माझ्या भावाला कोणी खाल्लं ते सांगणार होता. त्यानं तिचं नाव घेतलं असतं तर पाडव्याच्या आत ती अंगावरच्या लुगड्यानिशी गावाबाहेर गेली असती. अकोल्याकडे तिचे दोन भाऊ आहेत. करणी करणाऱ्या बहिणीला त्यांनीही दारात उभं केलं नसतं.

हे तुला सांगायला हवं, कारण पैसे माझे होते आणि संशयही माझा होता.

तू गेल्याच्या नवव्या दिवशी कुत्र्यानं तुझ्या गोठ्यामागची माती उकरली. मडकं निघालं. तोंडाला फडकं बांधलेलं. आत मूठभर लाल पूड, जळक्या चिंध्या, आणि तळाशी दात. माणसाचे. मी मोजले, तीन होते. काका दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, “करनी हाय हे. कुकू, चिंध्या, दात. अजून काय पायजे?” मी विचारलं, “मडकं पुरलं कोनं?” आतून तुझी वहिनी बाहेर आली आणि हळूच म्हणाली, “सगुणा म्हनते, मीच पुरलं.” एवढंच. का पुरलं ते सगुणेनं सांगितलं नाही. विचारलं तरी गप्प. गप्प बसलेल्या माणसाच्या विरुद्ध मी नेहमीच आकडा मांडतो, तुला ठाऊक आहे.

संशय मात्र मडक्याच्या आधीचा आहे. तू अंथरुणाला खिळलास त्या पौषातला. तुझ्या तोंडातून लाळ गळायची, उशाशी ठेवलेलं वाडगं दिवसातून चारदा रिकामं करावं लागायचं. हिरड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. तोंडाला असा वास की तुझ्या अंथरुणाजवळ बसताना मी उपरण्याचं टोक नाकाशी धरायचो आणि तू ते पाहायचास. एकेक दात हलून पडत होता. असलं दुखणं मी पाहिलं नव्हतं. मग मला वाटलं, हिनं काही घातलं. ती आंबील करून आतून तुझ्या उशाशी पाठवायची. दोन दिवस मी ती आधी मांजरीला घातली. मांजर आजही चुलीपाशी झोपते. तरी माझा संशय गेला नाही. म्हटलं, मांजरीला एक बेत आणि माणसाला दुसरा.

आणि खरं सांगू? तिनं घातलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. संशयाचं मूळ तिथं होतं. मारणाऱ्याला कधीतरी उलटून काही मिळणारच, हा हिशोब माझ्या डोक्यात होता. म्हणजे तू काय करत होतास ते मला पुरतं माहीत होतं.

आपल्या दोन घरांत एकच भिंत. वाटणीच्या वेळी तूच म्हणाला होतास, “मधात भिंत एकच ठेव भाऊ, दोन कायले बांधता?” त्या भिंतीतून सगळं ऐकू येई. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आपल्याकडे भासऱ्यासमोर बाईनं तोंड दाखवायचं नाही, शब्द काढायचा नाही, तिची सावलीही त्याच्या अंगावर पडता कामा नये. तुझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत सगुणेचा चेहरा मी पाहिला नव्हता. तिचा आवाज मला माहीत होता तो भिंतीपलीकडचा, आणि तो फक्त रडण्याचा.

एकदा दिवेलागणीला मी भिंतीवर मूठ आपटली होती. “बळ्या, बस कर!” तू क्षणभर थांबलास. मग तुझा आवाज आला, “माझ्या घरचं हाय भाऊ. तू तुझं जेव.” आणि मी जेवलो. हे मी लिहून ठेवतो आहे. मी जेवलो. दुसऱ्या दिवशी तुझी वहिनी म्हणाली, “तिचं मनगट उतरलं. हळद लावून बांधलं.” मी विचारलं, “कोनत्या हाताचं?” जसं काही त्यानं फरक पडणार होता.

पहिली सहा वर्षं तू असा नव्हतास. तूही हे जाणून होतास, म्हणून मी हा वाद पुन्हा काढतो. आपण बापाच्या वावरात दोघं राबलो. ज्या साली गावात पटकी आली आणि मला लागली, तेव्हा घरचे दारापासून लांब उभे होते. तू आत आलास. माझं घाणेरडं धोतर तू काढलंस, मला धुतलंस, उलट्या उचलल्यास. मी तोंड फिरवलं तर म्हणालास, “लाज कायची भाऊ? शरीर हाय. बिघडते, सुधरते.” तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. मी वाचलो तो तुझ्या हातानं वाचलो. याची परतफेड करायची माझी संधी कोणती होती आणि ती मी कशी घालवली, ते पुढं येईल.

मग परमुलखातल्या लढाईनं कापसाचा भाव चढला. मी वावर धरून राहिलो. तू बैलांच्या बंड्या जोडल्यास, गावोगावचा कापूस उचलून अमरावतीच्या पेठेत नेऊ लागलास. पैसा आला, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती पैशाबरोबर आलेल्या माणसांची. दलाल, अडत्यांचे मुनीम, मुंबईहून आलेले खरेदीदार. सौदा झाला की माडीवर जायचं, मोहाची दारू आणि वर विलायती, मग नायकिणीकडे. जो जाणार नाही तो सौद्यात कच्चा, म्हणजे बायल्या. तू मला हे हसत सांगितलं होतंस. एकदा मीही तुझ्याबरोबर होतो, तेव्हा तो भुवयांवर गंध लावणारा मुनीम तुला म्हणाला, “काय बळीरामजी, सहा वर्षं झाली, पाळणा नाही हलला. घोड्याले चना देता की नाही?” सगळे हसले. तुझे कान लाल झाले. तू पेला उचलून एका घोटात संपवलास आणि म्हणालास, “आज पाहून घ्या घोडा.” मी तुझ्या दंडाला धरलं. तू हात झटकलास. मी बंडीत येऊन झोपलो. त्या रात्री तुला ओढून आणलं असतं तर, हा प्रश्न मी मांडत नाही. त्याचं उत्तर काढायला लागणारा आकडा माझ्याजवळ नाही.

तुझ्यामाझ्यातला जो वाद अर्धा राहिला तो याबद्दलचाच. मी म्हणायचो, दारू सोड. तू म्हणायचास, “तुले दोन पोरगे हायेत, तुले काय समजते?” मी म्हणायचो, पोरांचा आणि दारूचा काय संबंध? तू उत्तर द्यायचा नाहीस. आता वाटतं, तू उत्तर दिलं होतंस आणि मला ते मोजता आलं नाही.

आता त्या दिवसावर येतो. दोन वर्षांपूर्वीचा चैत्र. अमरावतीहून परत येताना दुपारी पूर्णेच्या काठी बैल सोडले. चार बंड्यांचे चार गाडीवान बाभळीखाली भाकरी सोडून बसले होते. तू पाण्यात उतरून कमरेपर्यंत भिजून आलास, माझ्याजवळ बसलास, आणि चिंचोक्याशी खेळत खाली बघून म्हणालास, “भाऊ, मले गरमी झाली.”

मी म्हणालो, “होइनच. तीस रुपयांचा जरीचा फेटा डोक्याले गुंडाळला तं गरमी नाई होईन? पैशाची गरमी हाय हे. भाव उतरला का उतरन.”

गाडीवान खदखदून हसले. त्यांतला एक म्हणाला, “मालक, कांदा ठेवा फेट्यात!” आणखी हशा. मी पण हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग तूही हसलास. मी वर म्हणालो, “सब्जा भिजवून पी. आन् घरी गेल्यावर ताक.” तू म्हणालास, “हो, ताक.” उठलास आणि बैल जुंपायला गेलास. भाकरी तशीच राहिली होती. मी ती फडक्यात बांधून ठेवली, वाया जाऊ नये म्हणून.

गरमी या शब्दाचा दुसरा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. साऱ्या वऱ्हाडाला माहीत आहे. बाहेरच्या बाईकडून येते ती गरमी. ज्याला होते तो उन्हाचं नाव सांगतो आणि ऐकणारा उन्हाचंच नाव ऐकतो. मला खरंच ऊन ऐकू आलं, की सोपा अर्थ मी मुद्दाम उचलला? इतके दिवस मी तुझ्या बायकोवर संशय घेतला. या ठिकाणी तो माझ्यावर येतो आणि इथून हलत नाही.

पंचमीला पैसे ठेवले आणि षष्ठीला माझी झोप गेली. तुला वाटेल पश्चात्तापानं. नाही. काकांच्या एका वाक्यानं. उठताना ते माझ्या कानाशी म्हणाले, “ते गेली का बळ्याचं वावर तुयाकडंच येते. पोरगं नाई, बाळ नाई. पाहून घे.” घरी येऊन बसलो आणि लक्षात आलं, तुझं वावर सव्वाएकोणीस एकर, काळं, विहिरीचं. ती गेली की ते माझं. मग तिच्या विरुद्ध माझ्या मनात जो संशय होता त्याची किंमत मला कोण देतं आहे? ज्या मापात माझा फायदा आहे ते माप मी दुसऱ्याच्या तागडीत कधी मान्य केलं नसतं. म्हणून मी पुन्हा मडक्याकडे वळलो.

मडकं काकांनी देवमनबुवांच्या माळ्यावर ठेवलं होतं. मी त्यातली थोडी पूड मागून घेतली. देवमनबुवा म्हणाले, “हात नोका लावू, करनी अंगाले लागते.” मी म्हणालो, “लागू द्या.” घरी आणली आणि सोनं तोलायच्या लहान तागडीत घातली. दुसऱ्या पारड्यात तुझ्या वहिनीच्या करंड्यातलं तेवढंच कुंकू, एकाच चमच्यानं सपाट मोजून. पारडं धाडकन खाली गेलं. पुन्हा मोजलं. कुंकवाच्या चार चमच्यांनीही त्या एका चमच्याची बरोबरी होईना. इतकं जड कुंकू असत नाही.

सप्तमीला अंजनगावला पसाऱ्याकडे गेलो. जडीबुटी, औषधी सगळं विकतो तो. पुडी उघडली, त्यानं बोटाला लावून उजेडात धरली आणि चटकन झाकली.

“हिंगूळ हाय हे. पारा असते ह्याच्यात.”

“कशाले लागते?”

त्यानं माझ्याकडे वर-खाली पाहिलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं तरी आवाज उतरवला. “गरमीले. घोंगडीत बसून धुरी घ्यायची. वरून रसकापुराच्या गोळ्या. कधीपासून हाय तुमाले?”

“मले नाई. माझ्या भावाले होती.”

“सगळे जन भावालेच होती म्हनतात,” तो म्हणाला. “लाजता कायले? भाव चढल्यापासून हिंगूळ किती खपते, मले इचारा. पन धुरी जास्त झाली का लाळ सुटते, दात पडतात. मानूस गरमीनं नाई मरत, दवाईनं मरते. तुमचे दात तं बरे दिसतात अजून.”

मला राग आला. सत्तेचाळीस वर्षांचा मी, दोन मुलांचा आणि एका लेकीचा बाप. माझ्यावर असला संशय! त्याला दोन शब्द सुनावणार होतो. आणि तेव्हा कळलं, बळीराम. माझं तोंड जे लाल झालं होतं, तसंच तुझं दोन वर्षं होतं. मला ते ओझं एका दुकानात, एका परक्या माणसापुढं, चार घटका उचलवलं नाही.

घरी आलो आणि तुझ्या वहिनीला सांगितलं, “सगुणेले इचार, हिंगूळ कोनी आनला?” ती आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, “ते म्हनते, मी चौकटीले सांगते. ज्याले ऐकायचं त्यानं ऐकावं.”

हा आपल्याकडचा जुना तोडगा आहे. बाईला भासऱ्याशी बोलता येत नाही, पण घराच्या चौकटीशी बोलता येतं. आपल्या आईनंही थोरल्या चुलत्यांना असंच एकदा सांगितलं होतं. मी ओसरीवर पाठमोरा बसलो. दाराच्या आतल्या बाजूला ती बसली. मध्ये तुझी वहिनी सूप घेऊन, उगाच तांदूळ निवडत.

“चौकटी, तूच आइक,” सगुणा म्हणाली. रडण्यावाचून तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सरळ आहे, जरा घोगरा. “हकिमानं दिला, अमरावतीच्या. तेनं चौदा रोज सांगितले, ह्यायनं चाळीस घेतल्या धुऱ्या. म्हने, लवकर जाइन. घोंगडी मी धरायची चहूकडून. दात पडला का म्हनत, पुर, कोनाले दिसला तं तुले जित्ती नाई ठेवनार. मी पुरले. मेल्यावरही सांगितलं नाई, काहून का ह्यायनं आन घातली होती.”

तुझी वहिनी म्हणाली, “मारत काहून होते बाई तुले?”

सुपातले तांदूळ खालीवर होत राहिले.

“चौकटी, वैनीले सांग. मारनं पहिले दारूचं होतं. मंग दुखन्याचं झालं. जवळ येत, आन् दुखे, आन् होये नाई काही. मंग दारू आनखीन. दारू पेली का तं मुळीच नाई होये. मंग म्हनत, तुयातच खोट हाय, तूच वांझ. मी म्हनलं, दोन खेपा मेलेले लेकरं झाले मले, वांझ कशी? तं त्या दिवशी मनगट मोडलं. मी नाई म्हनलं जवळ यायले, तेव्हा बी मारलं. मले बी लागलं हाय ते. अंगावर फोड हायेत. हकिमानं एकाच मानसाची दवाई देली होती.”

दोन मृत लेकरं. मला एकच माहीत होतं. दुसऱ्याचं सांगायला तिला कोणी वाट दिली नव्हती.

मी उठणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “आनखीन एक सांगते चौकटीले. लई पेले का भिताडाकडं तोंड करून म्हनत, भाऊ हसला मले. गंगेच्या काठी सांगितलं, तं भाऊ हसला. मंग माया अंगावर येत. मी म्हनो, आनखीन एक खेप सांगा भावाले. म्हनत, मर्द एकच खेप सांगते.”

पूर्णेला तू गंगा म्हणायचास. लहानपणापासून.

बळीराम, मी त्या ओसरीवर किती वेळ बसलो याचा आकडा माझ्याजवळ नाही. मला वाटत होतं तू मला सोडून चाललास. तू तर दोन वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून माझ्याशीच बोलत होतास. मी पलीकडे जेवत होतो.

तुला मी माफ केलेलं नाही, हे सरळ लिहितो. तुला शरम वाटत होती, दुखत होतं, भीती होती, हे सगळं मला आता दिसतं. पण ते तू तिच्या मनगटावर काढायला नको होतंस. आजारी तीही होती. तिनं चाळीस वेळा तुझी घोंगडी धरली, तोच धूर तिच्या छातीत गेला. तुझी आंबील तीच करत होती, हिरड्यांना तूप तीच लावत होती, आणि मी ती आंबील मांजरीला चाखवत होतो. तू आजारी होतास म्हणून तुझा मार हलका होत नाही, आणि तू मारलंस म्हणून तुझं दुखणं खोटं ठरत नाही. दोन्ही वेगळे मांडायचे. एकातून दुसरं वजा करायचं नाही. याहून जास्त शहाणपण माझ्याकडे नाही.

तुला गरमीनं नेलं, की दारूनं, की हकिमाच्या हिंगुळानं, हे मला अजून कळलेलं नाही. हकिमावर माझा संशय आहे. अमरावतीला जाऊन मी त्याला विचारलं, चौदाच्या चाळीस होईपर्यंत तू हिंगूळ विकत का दिलास? तो म्हणाला, “मर्दांना लवकर बरं व्हायचं असतं, जी. मी नाही म्हटलं तर दुसरीकडून घेतात.” तेही खरं असेल. खरं असलेल्या उत्तरावरही संशय घ्यावा, हे मी या महिन्यात शिकलो.

अमावास्येला सकाळी पुन्हा सगळे जमले. भगतानं पाट, काळी कोंबडी, दिवा, सगळं मांडलं होतं. मी म्हणालो, “थांबा. करनी नाई. माझा भाऊ गरमीनं गेला आन् गरमीच्या दवाईनं गेला. मडक्यात हिंगूळ हाय, पसाऱ्यानं ओळखला. दात त्याचेच हायेत.”

काका ताडकन उठले. “तोंड आवर! घराची अब्रू हाय का नाई? लेकीचं चांदूरकडचं स्थळ आलं हाय तुया. गरमीच्या घरातली पोरगी कोन करन?”

“करनीच्या घरातली करतीन?” मी विचारलं.

“बाईवर गेलं तं घरावर नाई येत,” काका म्हणाले.

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की देवमनबुवांनीही मान खाली घातली. मी म्हणालो, “काका, मी एकदा हा शब्द ऐकून हसलो होतो. आता मी म्हनतो, तुमी हसा.” कोणी हसलं नाही. भगत तेवढा म्हणाला, “मी चार कोस चालत आलो, त्याचं काय?”

चांदूरकडून अजून निरोप नाही. येईल किंवा येणार नाही. मुलीला मी सगळं सांगितलं आहे, माझ्या तोंडानं, शब्द न बदलता. दोन्ही मुलांनाही सांगितलं. थोरला ओशाळून मान वळवून बसला होता. मी त्याला म्हणालो, “लाज कायची? शरीर हाय. बिघडते, सुधरते.” तुझे शब्द होते. त्याला ठाऊक नाही. तुझं वावर सगुणेच्या नावानं राहील, कुळाला मी लावून देईन. काकांना वाटतं मला वेड लागलं. तेही तपासून पाहावं लागेल.

तू मला अमरावतीहून पितळेची दौत आणली होतीस, पहिल्या सौद्याच्या वेळी. म्हणाला होतास, “भाऊ, तू सगळं लिहून ठेवतोस, माझंबी ठेव.” हे त्याच दौतीतून लिहिलं. ठेवलं.

काकांकडून परत घेतलेल्या एकवीस रुपयांचं असं झालं. सव्वा रुपया भगताला, चार कोस येण्याचा आणि चार कोस जाण्याचा. कोंबडी त्याची त्यानं परत नेली. राहिले पावणेवीस. अकोल्यात एक म्हातारी वैदीण आहे, बायकांच्या दुखण्याचं पाहते, पारा देत नाही, असं तीन वेगवेगळ्या माणसांकडून मी खात्री करून घेतली आहे. सगुणेचा भाऊ बंडी घेऊन आला होता. भासऱ्याला तिच्या हातात काही देता येत नाही, म्हणून पावणेवीस रुपये मी उंबऱ्यावर ठेवले आणि पाठ फिरवून उभा राहिलो. मागून नाणी मोजल्याचा आवाज आला. एकेक, सावकाश, पुन्हा पहिल्यापासून.

“चौकटी,” सगुणा म्हणाली, “बरोबर हायेत म्हना.”